वेड न पांघरता पेडगावला : सुट्टीतला एक दिवस आपल्याच तालुक्यात



सुट्टी संपून शाळा भरली की आपण सगळेच एक निबंध हमखास देतो. ‘मी सुट्टी कशी घालवली?’ मीही वर्षानुवर्षं देत आले. एका दिवाळीनंतर वह्या तपासत बसले होते. वर्गातली अकरा मुलं महाबळेश्वरला जाऊन आली होती! आता मला प्रत्येकाचं घर माहीत आहे. त्या अकरांपैकी दोन जण खरंच गेले असतील. बाकीच्यांनी गाईडमधला निबंध उतरवला होता. थंड हवा, स्ट्रॉबेरी, सूर्यास्त, सगळं एकाच क्रमानं. आणि एका मुलानं फक्त चार ओळी लिहिल्या होत्या. ‘मी कुठेच गेलो नाही. मामाकडे जायचं होतं पण कांद्याची लागण होती. मी शेळ्या राखल्या. गडावर.’

मी त्याला दहापैकी तीन गुण दिले, निबंध लहान आहे म्हणून. वही मिटली आणि मग डोक्यात आलं, ‘गडावर’ म्हणजे कुठल्या गडावर? तर पेडगावच्या. ज्या भुईकोटाच्या नावानं इतिहासाचे मोठे ग्रंथ पानं भरतात, तिथं हा पोरगा रोज शेळ्या घेऊन जातो आणि त्याच्या लेखी तो ‘कुठेच’ गेलेला नाही. चूक त्याची नव्हती. त्या भिंती कसल्या आहेत हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

म्हणून हा लेख. महाबळेश्वरला जाऊ नका असं मी म्हणत नाही. पण ज्यांच्याकडे एक दिवस, एक दुचाकी किंवा एसटीचं भाडं एवढंच आहे, त्यांच्या मुलांनाही शाळेत आल्यावर सांगायला काहीतरी हवं. आणि ते खरं असावं.

पेडगावचा भुईकोट

श्रीगोंदा तालुक्याच्या दक्षिण टोकाला भीमेच्या काठी पेडगाव आहे. नदीपलीकडे पुणे जिल्हा, दौंड तालुका. तुम्ही दौंडकडचे असाल तर तुम्हालाही हे ठिकाण जवळच. इथला किल्ला डोंगरावर नाही, सपाटीवर आहे. म्हणून लहान मुलं, आजी-आजोबा, कुणालाही नेता येतं. दम लागत नाही.

आता मुलांना काय सांगायचं? सुरुवात मी म्हणीपासून करते. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ हा वाक्प्रचार व्याकरणाच्या पुस्तकात सगळ्यांनी पाठ केलेला असतो. अर्थ काय, तर काही कळत नाही असं सोंग घेऊन आपलं काम साधून घेणे. हे ‘पेडगाव’ आपल्या शेजारचं आहे हे मुलांना सांगितलं की डोळे मोठे होतात. हा माझा नेहमीचा अनुभव.

या म्हणीशी लोक जी हकीकत जोडतात ती अशी. बहादूरखान हा औरंगजेबाचा दूधभाऊ, दख्खनचा सुभेदार. त्यानं १६७२ नंतरच्या काळात पेडगावला मोठी छावणी केली, तटबंदी उभी केली आणि ठिकाणाला स्वतःचंच नाव दिलं, बहादूरगड. ६ जून १६७४ ला रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. खर्च प्रचंड झाला होता. जेमतेम महिनाभरानं, ऐन पावसाळ्यात, मराठ्यांची सुमारे दोन हजारांची एक तुकडी पेडगावच्या रोखानं आली. खान सैन्य घेऊन तिच्यामागे धावला. तुकडी पळत राहिली, खान पाठलाग करत छावणीपासून लांब लांब गेला. तेवढ्यात दुसऱ्या वाटेनं सुमारे सात हजारांची फौज मोकळ्या छावणीवर आली. इतिहासकार सांगतात त्याप्रमाणे एक कोटीची लूट आणि दोनशे उमदे घोडे घेऊन ती गेली. खान परत आला तेव्हा काय राहिलं होतं याचा अंदाज मुलांनाच करू द्या.

ही गोष्ट वर्गात सांगण्यापेक्षा तटाजवळच्या मोकळ्या मातीत काठीनं रेघा ओढून सांगा. इथं नदी, इथं छावणी, ही दोन हजारांची फळी, ही सात हजारांची. मुलांचेच दोन गट करा. एक गट पळतो, खान झालेली मुलं मागे धावतात आणि उरलेले येऊन दप्तरं उचलतात. पाच मिनिटांत गनिमी कावा समजतो. मी हे फळ्यावर अर्धा तास समजावत असायचे.

किल्ल्यात शिरल्यावर काय दिसतं? तटाची पडझड खूप झाली आहे, काही बुरूज अजून उभे आहेत. आत भैरवनाथ, मल्लिकार्जुन, रामेश्वर, लक्ष्मीनारायण, बालेश्वर अशी मंदिरं आहेत. यातली जुनी मंदिरं किल्ल्याच्याही आधीची, यादवकाळातल्या धाटणीची. लक्ष्मीनारायणाच्या देवळापाशी निवांत थांबा, कोरीव काम तिथं सगळ्यात देखणं आहे. मुलांना एकच काम द्या. देवळाच्या दगडांच्या सांध्यात बोट फिरवा आणि चुना लागतोय का बघा. मग तटाच्या भिंतीपाशी जाऊन तसंच बघा. देवळाचे चिरे एकमेकांत खाच-खुंटी करून, वजनावर बसवलेले आहेत. हेमाडपंती बांधणी म्हणतो ती हीच. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत, तेरावं शतक, हे नंतर वर्गात सांगता येईल. आधी बोटाला कळू द्या.

एक विनंती. कोरीव मूर्तींवर चढून फोटो काढू देऊ नका. आणि खडूनं नाव लिहिणाऱ्या पोराला तिथंच थांबवा. हे आपण मोठ्यांनीच जास्त केलेलं दिसतं, तेव्हा मुलांना रागावताना जरा जपून!

मोटेचं पाणी

या किल्ल्यातली माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे हत्ती मोट. छावणीत हजारो माणसं, घोडे, हत्ती. पाणी खाली भीमेत, वस्ती वर. मग नदीचं पाणी मोटेनं वर ओढून पुढं किल्ल्यात खेळवण्याची सोय केलेली होती. बांधकामाचे अवशेष बघता येतात.

पण मोट म्हणजे काय हेच आजच्या मुलांना माहीत नाही. आपल्या तालुक्यातल्या मुलांना बटण दाबलं की मोटर चालू होते एवढं ठाऊक. म्हणून जाण्याच्या आदल्या दिवशी घरातल्या आजोबांना विचारून यायला सांगा. माझ्या वर्गातली एक मुलगी आजोबांकडून इतके शब्द घेऊन आली की मीच वहीत लिहून घेतले. बैल ज्या उतारावरून मागंपुढं चालतात ती धाव. मोटेला बांधलेला जाड दोर म्हणजे नाडा. चामड्याच्या मोटेची खालची निमुळती नळी ती सोंड आणि तिला बांधलेली बारीक दोरी सोंदूर. पाणी जिथं पडतं ते थारोळं. मोट वर आली की सोंदूर ताणून सोंड खाली वळते आणि पाणी आपोआप थारोळ्यात. विजेचा पत्ता नाही, पण उतार, वजन आणि कप्पी यांचा उपयोग किती बारकाईनं केलाय बघा. विज्ञानातला ‘साधी यंत्रे’ हा भाग इथं सहज होतो. पुढं जाऊन एक हिशोब द्या. एका खेपेला किती बादल्या, एका तासात किती खेपा, शंभर जनावरांना किती वेळ लागेल? आकडे मुलांनीच आजोबांना विचारून धरायचे. उत्तर प्रत्येकाचं वेगळं येईल, येऊ द्या.

आता अवघड भाग

पेडगावला मुलांना न्यायचं तर एक गोष्ट टाळता येत नाही. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला छत्रपती संभाजी महाराज आणि कवी कलश पकडले गेले आणि त्यांना औरंगजेबाच्या छावणीत, याच बहादूरगडावर आणलं गेलं. इथं त्यांची विटंबना झाली, छळ झाला. पुढं ११ मार्च १६८९ रोजी भीमेच्याच काठी, वरच्या अंगाला, तुळापूर-वढू परिसरात त्यांना ठार मारण्यात आलं. वय होतं अवघं एकतीस. म्हणूनच या किल्ल्याला आता लोक धर्मवीरगड म्हणतात.

नऊ-दहा वर्षांच्या मुलांना हे कसं सांगायचं? मला विचाराल तर छळाचं वर्णन करू नका. काही जण फार रंगवून सांगतात. मुलं रात्री झोपत नाहीत, आणि खरं तर त्यांच्या डोक्यात राजा राहत नाही, फक्त रक्त राहतं. ‘त्यांना फार त्रास दिला, पण ते वाकले नाहीत’ एवढं वाक्य लहानांना पुरतं. मोठ्या मुलांना काळाचा हिशोब द्या. १६८९ साली बादशहाला वाटलं असेल, आता संपलं. पण राजाराम महाराज जिंजीला गेले, लढाई चालूच राहिली. औरंगजेब १७०७ साली वारला, तेही आपल्याच जिल्ह्यात, नगरजवळ भिंगारला. मधे किती वर्षं गेली? १७०७ वजा १६८९. अठरा. वजाबाकी करून मुलं गप्प बसतात. त्या गप्प बसण्यात बरंच काही असतं.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. आपल्या वर्गात शेख, सय्यद, तांबोळी, पठाण अशी आडनावं असतात. गोष्ट सांगताना ‘ते’ आणि ‘आपण’ असे शब्द आपल्या तोंडून जातात आणि एखादं पोर मान खाली घालतं. मी स्वतः हे केलेलं आहे. लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. सहलीच्या डब्याला ते पोर लांब जाऊन बसलं होतं. तेव्हापासून मी ‘मुघल बादशहा’, ‘मुघल सरदार’, ‘मराठे’ असे नेमके शब्द वापरते. आणि त्याच दिवशी, परतताना, श्रीगोंदा गावात गाडी थांबवते.

शेख महंमद बाबांच्या गावात

श्रीगोंद्यात संत शेख महंमद यांचं समाधिस्थान आहे. जन्मानं मुसलमान, लिहिलं मराठीत, ‘योगसंग्राम’ हा त्यांचा ग्रंथ, शिवाय अभंग. गुरू चांद बोधले. हेच चांद बोधले एकनाथ महाराजांचे गुरू जनार्दनस्वामी यांचेही गुरू मानले जातात. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले शेख महंमदांचे भक्त होते आणि त्यांनीच त्यांना इथं आणून मठासाठी जागा दिली, असं परंपरा सांगते. म्हणजे सकाळी ज्या घराण्याच्या नातवाची आणि पणतूची गोष्ट ऐकली, त्याच घराण्याच्या आजोबांची ही गोष्ट. मुलांना वंशावळ काढायला लावा. मालोजी, शहाजी, शिवाजी, संभाजी. चार पिढ्या, आणि पहिलीची अन् चौथीची खूण आपल्याच तालुक्यात.

मी यावर जास्त भाषण करत नाही. फक्त दोन्ही ठिकाणं एकाच दिवशी दाखवते.

गावात शिंदे सरकारांचा वाडाही आहे. महादजी शिंद्यांचं नाव दिल्ली-ग्वाल्हेरशी जोडलेलं असतं, पण श्रीगोंदा त्यांच्याकडे होतं हे कितीतरी श्रीगोंदेकरांनाही ठाऊक नसतं. आणि गावाचं जुनं नाव? चांभारगोंदे. गोविंद नावाच्या एका चर्मकार भक्तावरून ते पडलं असं सांगतात. जुन्या कागदांवर, पणजोबांच्या खरेदीखतावर कुणाला ते नाव सापडलं तर वर्गात आणायला सांगा, मूळ नको, झेरॉक्स. नावांचं एक कोष्टकच होतं मग: चांभारगोंदे आणि श्रीगोंदा, बहादूरगड आणि धर्मवीरगड, अहमदनगर आणि अहिल्यानगर. आजी कुठलं नाव वापरते, बाबा कुठलं, सातबाऱ्यावर कुठलं? (माझ्या सासूबाई अजून ‘नगर’च म्हणतात आणि त्यांना कुणी दुरुस्त करत नाही.)

अजून एक-दोन दिवस असतील तर

पेडगावहून पुढं भीमेकाठी सिद्धटेक आहे, अष्टविनायकातला सिद्धिविनायक. ते कर्जत तालुक्यात. मंदिर अहिल्यादेवी होळकरांनी बांधलं आणि अहिल्यादेवींचं जन्मगाव चौंडीही आपल्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात. कर्जतजवळ रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे. क्षेत्र जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर, पण सकाळी लवकर गेलात तर काळवीट दिसतातच म्हणा. नदीपलीकडे भिगवणला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यापासून रोहित पक्षी येतात.

भूगोलासाठी मात्र मी पारनेर तालुक्यातलं निघोज सुचवीन. कुकडीच्या पात्रात कातळाला पडलेले रांजणखळगे. पाण्याच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे गरगर फिरून फिरून कठीण बसाल्ट पोखरतात, हे वाचणं वेगळं आणि खळग्याच्या काठावर बसून बघणं वेगळं. काठापासून दोन हात लांबच, बरं का. शेवाळ असतं आणि खळगे खोल आहेत.

आणि डोंगर?

मुलं विचारतातच, ‘बाई, डोंगर कधी?’ आपला तालुका पर्जन्यछायेतला, सपाट. पण जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुका म्हणजे खरा डोंगरी मुलूख. १६४६ मीटरचं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, तिथंच. हरिश्चंद्रगड, कोकणकडा, रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर, भंडारदऱ्याचं १९२६ साली पूर्ण झालेलं धरण. हे एका दिवसात जाऊन-येऊन होत नाही, दोन मुक्काम धरा. मोठी मुलं असतील तर कळसूबाई जमतं, अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर काजवे बघायला गर्दी उसळते. जाणार असाल तर गाडीचे दिवे आणि मोबाईलची बॅटरी बंद ठेवा, उजेडानं काजव्यांचं मीलन बिघडतं. आणि हॉटेलपेक्षा गावातल्या घरी जेवण सांगा. पैसे तिथल्या माणसांना मिळतात, मुलांना नाचणीची भाकरी मिळते.

ज्यांना जाणं परवडत नाही त्यांनी खट्टू होऊ नये. डोंगर आपल्याकडे येतोच की! कुकडीच्या कालव्याचं आवर्तन सुटतं तेव्हा ते पाणी जुन्नरच्या बाजूच्या सह्याद्रीतून, येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे या धरणांच्या साखळीतून आलेलं असतं. मुलांना कालव्याच्या काठावर (काठावरच!) उभं करा आणि नकाशावर बोट ठेवून पाण्याच्या उलट्या दिशेनं घाटमाथ्यापर्यंत न्या. आपल्या लिंबाच्या बागा कुठल्या पावसावर जगतात ते त्यातून कळतं. गंमत म्हणजे अकोल्याचं प्रवरेचं पाणी गोदावरीला जातं आणि आपलं भीमेतून कृष्णेला. एकच जिल्हा, दोन खोरी.

निघण्याआधी

दिवाळीची सुट्टी सर्वांत चांगली. मे महिन्यात जायचं तर सकाळी साडेसहाला गडावर पोहोचा आणि दहाच्या आत सावलीत या, तटाचा दगड तापला की टेकवत नाही. प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि लिंबू आपल्याकडे काय कमी, सरबत न्याच. पायांत बूट हवेत. काटेरी झुडपं आहेत आणि पडक्या भिंतीच्या भेगांत साप असू शकतात. भेगांत हात घालायचा नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, नदीत उतरायचं नाही. भीमेचं पात्र वरून शांत दिसतं, पण वाळू उपसलेल्या जागी एकदम खोल खड्डे असतात, आणि वरच्या धरणांतून पाणी सोडलं की पातळी बघता बघता वाढते. पोहता येणाऱ्या मुलांना धोका जास्त, कारण त्यांना भीती नसते. पाण्याकडच्या बाजूला एक मोठं माणूस शेवटपर्यंत उभं ठेवा, त्याला दुसरं काहीही काम देऊ नका, फोटो काढायचंसुद्धा नाही.

वाटाड्या लागलाच तर गावातलं एखादं पोरगं बरोबर घ्या. आम्ही त्या शेळ्या राखणाऱ्यालाच घेतलं होतं. पहिला अर्धा तास तो काही बोलला नाही. मग एका बुरुजापाशी थांबला आणि म्हणाला, ‘बाई, हितनं चढू नका, हितला दगड हालतो. पलीकडनं या.’ पुढचे तीन तास पस्तीस मुलं आणि तीन शिक्षक त्याच्या मागून चालत होते. घुबड कुठं बसतं, पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत चढतं, कुठल्या कमानीखाली दुपारी गार वारा येतो, सगळं त्याला पाठ. कमानीखाली डबे सोडले तेव्हा मी त्याची जुनी वही पिशवीतून काढली, तीनावरचा आकडा खोडला आणि त्याला म्हटलं, त्या चार ओळींच्या पुढं आता लिही. त्यानं आधी भाकरी संपवली, मग पेन मागितलं.